येशू रडला

2 नोव्हेंबर, रात्री साडेअकरा

सकाळची उपासना झाली आणि तसेच कबरस्थानात गेलो. मृतांच्या आठवणीचा दिवस, त्यामुळे गेटबाहेर शेवंती आणि झेंडूचे ढीग लागले होते, आत सगळी आपापल्या माणसांच्या कबरी धुवत बसलेली. आजीच्या कबरीवरचं शेवाळ मी ब्रशने घासून काढलं, नावातल्या अक्षरांमध्ये माती बसली होती ती काडीने कोरून काढली, आणि ते करताना सारखं एकच डोक्यात की पुढच्या वर्षी या दगडावर आणखी एक नाव असेल. आत्याने सांगून ठेवलंय, मला आईच्याच कबरीत ठेवा, नवीन जागा शोधत बसू नका.

आत्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. केमो नको म्हणाली. 34 वर्षं नर्स होती, तिला रिपोर्ट समजावून सांगावा लागला नाही. आता दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत, वेळेवर दिल्या की ती बोलते, उशीर झाला की भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहते.

गेल्या आठवड्यात प्रार्थनेला घरी काही लोक आले होते. प्रार्थना मनापासून केली त्यांनी, पण जाताना मला रडताना बघून एक ताई म्हणाल्या, रडायचं नाही, आपल्याला आशा आहे ना, रडणं म्हणजे विश्वास कमी पडला. मी गप्प बसले. पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं, रात्री आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, येशू रडला."

संडे स्कूलला आम्हाला हीच आत्या शिकवायची. दर रविवारी एक वचन पाठ करून यायचं असायचं आणि ज्याचं पाठ झालेलं नसायचं तो उभा राहून म्हणायचा, "येशू रडला. योहान 11:35." म्हणजे बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय, पस्तिसावं वचन. दोन शब्द! शेवटी आत्याने या वचनावर बंदीच घातली होती, हे सोडून कुठलंही म्हणा. आणि आता तेच वचन तिने स्वतः काढलं.

मग मी रात्री तो अख्खा अध्याय परत वाचला. येशूचा मित्र लाजर मरून चार दिवस झालेत, त्याची बहीण मार्था समोर येऊन सरळ म्हणते की प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता, दुसरी बहीण मरीयाही तेच म्हणते, आणि येशू दोघींपैकी कोणालाच रागवत नाही. "पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे" हे तो मार्थाला सांगून चुकलाय, आता थोड्याच वेळात लाजर कबरीतून बाहेर येणार हे त्याला पक्कं माहीत आहे, आणि तरी तो रडतो. मग आशा आहे म्हणून रडू नका हे आपण कुठून आणलं? प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातही शोकच करू नका असं लिहिलेलं नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका असं लिहिलंय. आणि मरणाला तर तो शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रू घरात शिरल्यावर पोटात खड्डा पडणारच की.

आत्या लहानपणी सुट्टीत केडगावला पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये जायची, त्यामुळे रमाबाई तिच्या बोलण्यात घरच्या माणसासारख्या येतात. रमाबाईंचे दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा कॉलऱ्याने, आणि 1921 च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत, 5 एप्रिल 1922 ला गेल्या. हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं काम मात्र मुलगी गेल्यावरही त्यांनी सोडलं नाही. मला पूर्वी वाटायचं की अशी माणसं आतून दगडाची असतील. आज वाटतं, योहानाच्या अकराव्या अध्यायाचं भाषांतर करताना त्या दोन शब्दांपाशी त्यांचा हात थांबला असेल का.

संध्याकाळी आत्याने ट्रंक उघडायला लावली. पांढरी साडी, बारीक निळ्या काठाची, रिटायर झाली त्या दिवशी नेसलेली. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. म्हणाली, ही धुवून इस्त्री करून ठेव, शवपेटीत चुरगळलेली चालणार नाही मला. मग लाइट बिलाच्या मागे पेन्सिलने लिहिलेली गीतांची यादी हातात दिली, चार गीतं, त्यातलं एक खोडलेलं. का खोडलं विचारलं तर म्हणाली, ते म्हणताना तुझ्या पप्पांना रडू आवरत नाही, तुझ्या आजीच्या वेळी मध्येच बसले होते. मग थोडा वेळ तिने यादीकडे बघितलं, माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली, आणि खोडलेलं गीत खाली परत लिहिलं.

साडी आता बाल्कनीत दोरीवर आहे. सकाळी सहाला गोळी द्यायची, त्याआधी वाळली तर इस्त्री करून टाकेन.