उत्तर आलं नाही तर?

"पैसे कापले गेले आणि रिचार्ज काही झाला नाही," आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात फळ्यापुढे उभी होते. शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून बोलत होती. "तू त्याच कंपनीत आहेस ना, बघ की जरा."

मी त्या कंपनीत नाही. मोबाइल कंपन्यांना सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या एका कंपनीत आहे. पुण्यात हा धंदा जुनाच आहे, टेक महिंद्राचं मूळच १९८६ सालचं. माझ्या कार्डावर 'सोल्युशन्स आर्किटेक्ट' असं छापलंय, आणि ते वाचून मामांनी मला घराच्या मागच्या भिंतीला ओल का येते असं विचारलं होतं. पन्हळ बदला, मी म्हटलं. त्यांनी बदलली, ओल थांबली. नातेवाइकांत माझ्या पदाला जी काही प्रतिष्ठा आहे, ती त्या पन्हळीची.

प्रत्यक्षात मी फळ्यावर चौकोन काढते आणि त्यांच्यामध्ये बाण. चौकोन म्हणजे एकेक सॉफ्टवेअर यंत्रणा, बाण म्हणजे त्यांच्यातली निरोपानिरोपी. एक चौकोन ग्राहकांच्या नोंदींचा, एक योजनांचा, एक शिल्लक सांभाळणारा, एक बिलांचा, आणि टोकाला खुद्द नेटवर्क. चौकोन बहुतेक तयारच मिळतात. काही तर आमच्या टीममधल्या पोरांपेक्षा वयाने मोठे आहेत, आणि त्यांना हात लावायला कोणी धजत नाही. खरं काम बाणांचं. या चौकोनाने त्या चौकोनाला काय विचारायचं, किती वेळ थांबायचं, आणि उत्तर आलं नाही तर काय करायचं. पगार मिळतो तो या शेवटच्या प्रश्नाचा.

प्रीपेडचंच घ्या. आई मला फोन लावते तेव्हा तिच्या खात्यात किती शिल्लक आहे हे नेटवर्कला माहीत नसतं. ते शिल्लक सांभाळणाऱ्या चौकोनाला विचारतं. तोही हुशार, सगळी रक्कम हवाली करत नाही. थोडी बाजूला काढतो आणि म्हणतो, एवढ्यात भागव, संपलं की परत विचार. फोन ठेवला की न वापरलेलं पुन्हा खात्यात. हल्ली सगळं 'अनलिमिटेड' झाल्यामुळे मिनिटं कोणी मोजत नाही असं वाटतं, पण मोजणी काही सुटलेली नाही. रोजच्या दीड जीबीची होते, वैधतेच्या तारखेची होते.

नोकरीला लागल्यावर हा प्रकार मला आठवडाभर समजावून सांगण्यात आला. समजला तेव्हा लक्षात आलं, की हे तर एसटीत पाहिलंय. शंभराची नोट दिली की कंडक्टर तिकिटाच्या मागे पेनाने बाकी लिहून द्यायचा आणि सुट्टे जमले की परत करायचा. उतरायच्या गडबडीत ते मागायचे राहिले की राहिले. आमच्याकडेही बोलता बोलता रेंज जाते आणि बाजूला काढलेली रक्कम मधेच अडकून बसते. ती ठरावीक वेळाने आपोआप परत जावी म्हणून मी फळ्यावर एक छोटं घड्याळ काढते. एसटीत ते घड्याळ नव्हतं.

ही विचारपूस ज्या भाषेत चालते तिचं नाव डायमीटर. तिच्याआधीची होती रेडियस. नवी आली तेव्हा, त्रिज्येपेक्षा व्यास दुप्पट, म्हणून डायमीटर. आमच्यात याला विनोद म्हणतात. या भाषेत शिल्लक कशी विचारायची याचं मानक २००५ साली आलं, आणि शिल्लकवाला चौकोन गप्प बसला तर काय करायचं याचे त्यात तीन पर्याय दिलेत: फोन तोडा, चालू द्या, किंवा दुसरीकडे विचारून बघा आणि तिथेही उत्तर नसेल तर मग तोडा.

या तीन पर्यायांवर मी तासन् तास चाललेल्या बैठका पाहिल्या आहेत. हिशेब खात्याचे लोक म्हणतात तोडा, फुकट कशाला? नेटवर्कवाले म्हणतात चालू द्या, चूक आपल्या यंत्रणेची, गिऱ्हाईक का भोगेल? ११२ चा प्रश्न नसतो, तो फोन शिल्लक न विचारताच जातो. पण रात्री अकरा वाजता डॉक्टरांना लावलेला फोन असतो, आणि तो कशासाठी लावलाय हे आमच्या कुठल्याच चौकोनाला कळत नाही. माझं मत ठरलेलं आहे: बोलणं चालू द्यावं, डेटाला थांबवावं. लोक रात्रभर बोलून बोलून किती बोलतील? डेटाचा मात्र भरवसा नाही. हे सांगताना मी मानकाचा दाखला देते, पण डोळ्यापुढे असतो आमच्या गावचा वाणी. बाबांचा पगार लांबला की तो "लिहून ठेवतो" म्हणायचा. सगळ्यांनाच म्हणायचा नाही. कोणाला चालू द्यायचं, कोणाला तोडायचं, आणि कोणाच्या बाबतीत आधी त्याच्या थोरल्या भावाला विचारायचं, हे त्याला वहीत न बघता ठाऊक होतं.

उत्तर आलं नाही, याचे खरं तर दोन अर्थ असतात. एक, आपला निरोप पोचलाच नाही. दुसरा, निरोप पोचला, काम झालं, पण 'झालं' हा परतीचा निरोप वाटेत हरवला. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. हे मी महाग धडा घेऊन शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी, परदेशातल्या एका मोबाइल कंपनीच्या कामात, रिचार्जच्या बाणावर मी 'उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठवा' असं लिहिलं होतं. सणाची संध्याकाळ आली, यंत्रणा हळू झाली, उत्तरं उशिरा यायला लागली, आणि माझा बाण इमानेइतबारे पुन्हा पुन्हा पाठवत राहिला. पैसे एकदाच भरलेल्या लोकांच्या खात्यात रिचार्ज दोनदा पडला, काहींच्या तीनदा. घोटाळा उघडकीला आला तो महिनाअखेरीला, ताळा जुळेना तेव्हा. मधल्या काळात एकही तक्रार आली नव्हती. जास्त आलेल्या पैशांची तक्रार करणारं गिऱ्हाईक मला अजून कुठल्याच देशात भेटलेलं नाही.

त्या आठवड्यात रात्री जागताना मला आजोबांची पत्रं आठवली. बाबा शहरात शिकायला होते आणि आजोबा गावाहून पोस्टकार्ड लिहायचे. पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही की दुसरं धाडायचे. त्यात एक ओळ हमखास असायची: 'मागील पत्रात पाठवतो म्हणून लिहिलेले पन्नास रुपये तेच हे, निराळे नव्हेत.' आजोबा जुन्या सातवीपर्यंत शिकलेले. ही ओळ माझ्या चित्रात असती तर त्या कंपनीचे पैसे वाचले असते. आता माझ्या प्रत्येक बाणावर निरोपासोबत क्रमांक जातो. तोच क्रमांक पुन्हा दिसला तर काम पुन्हा करायचं नाही, आधीचंच उत्तर परत द्यायचं.

तर, आई. तिच्या कालनिर्णयवर गॅसची तारीख असते, दुधाचे खाडे असतात आणि दर अठ्ठावीस दिवसांनी एक 'रि' असतो. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा, हा हिशेब तिने मला न विचारता मांडलाय आणि त्याचा जाबही ती मलाच विचारते.

"मेसेज आला का?" मी विचारलं.

"कसला? इंग्रजीतलं काहीतरी आलंय, ते रोजच येतं."

इथे मी गप्प झाले, कारण हा बाणही माझ्या ओळखीचा. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावतात, देवनागरी ७०. त्यात काना, वेलांटी, पाय मोडणं, सगळं वेगळं मोजतात. 'रिचार्ज' आपल्याला तीन अक्षरं, त्यांच्या हिशेबात सात. मराठीत नीट सांगायचं तर एकाचे दोन मेसेज होतात, खर्च दुप्पट. बैठकीत हा मुद्दा निघाला की "सध्या इंग्रजीच ठेवू" असं ठरतं. मी त्या बैठकांना हजर असते.

"असं कर," मी म्हटलं, "काकूंचा फोन ठेव आणि तुझ्या फोनवरून मला लाव."

"लागायचा नाही."

"लाव तर खरं."

फळ्याकडे पाठ करून मी थांबले. खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. अर्ध्या मिनिटाने माझा फोन एकदा वाजला आणि उचलायच्या आत बंद झाला. अनलिमिटेड घेऊनही आई अजून मिस्ड कॉलच देते.