संचयिकेतले एकसष्ट रुपये

परवा आईकडे माळा आवरताना बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात माझं संचयिकेचं पासबुक सापडलं आणि मी तिथेच शिडीवर बसून राहिले. ज्यांनी संचयिका बघितलीच नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या वेळी शाळेत मुलांची बचत बँक असायची, दर शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी व्हरांड्यात टेबल मांडायचं, वर्गातलीच दोन मुलं कॅशियर आणि क्लार्क व्हायची, आपण चार आणे आठ आणे फार तर रुपया भरायचा, पासबुकात आकडा लिहून घ्यायचा आणि जमलेले पैसे बाई पोस्टात भरायच्या. बँक म्हणजे काय, पावती का जपायची, हे आम्ही तिथे शिकलो.

पासबुकात पानंच्या पानं जमा जमा जमा. आणि शेवटच्या पानावर एकच ओळ, ऑगस्ट १९९०, काढले एकसष्ट रुपये. समोर कारणाच्या रकान्यात माझ्याच आठवीतल्या अक्षरात लिहिलंय, "रंग व ब्रश".

त्या एका ओळीमागे आमच्या चित्रकलेच्या बाई आहेत. मी त्या वर्षी एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला बसणार होते. घरी परीक्षेची फी कशीबशी निघाली होती पण पोस्टर कलर मागायची माझी हिंमत नव्हती, कारण बाबांचं सरळ गणित होतं की चित्रकलेचे मार्क कुठे धरतात. (आता दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, तेव्हा काही नव्हतं.) मी मैत्रिणीच्या डब्यातले रंग मागून मागून सराव करायचे, निळा संपला की तिचं तोंड उतरायचं, मग मी निळं आकाश करायचंच टाळायला लागले. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी विचारलं, संचयिकेत किती आहेत गं तुझे? मी म्हटलं, एकसष्ट, पण ते काढायचे नसतात ना. बाई म्हणाल्या, "मग भरतेस कशाला? स्वतःच्या हाताला लागणाऱ्या गोष्टीसाठी नाही काढायचे तर कशासाठी काढायचे?" आणि स्वतः स्लिप आणून दिली.

पैसे साठवायला आपल्याला सगळेच शिकवतात हो. आजी शिकवते, शाळा शिकवते, मातीचा गल्ला शिकवतो. स्वतःसाठी ते बाहेर काढायला मला आयुष्यात एकाच माणसाने शिकवलं, आणि तेही तेराव्या वर्षी, म्हणून मी त्या बाईंची जन्माची ऋणी आहे.

बाबांना न सांगता आईबरोबर पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात, वह्या-पुस्तकांच्या बाजारात गेलो. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते पण ऑगस्टमध्ये निवांत होतं. कॅमलच्या बारा बाटल्यांचा डबा, एक गोल ब्रश, आणि एक चपटा ब्रश जो मी अक्षरलेखनासाठी मुद्दाम मागून घेतला. परीक्षेला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असायचं आणि भूमितीबरोबर अक्षरलेखन, आणि मला त्या अक्षरलेखनाचंच वेड होतं. चपटा ब्रश तिरका धरला की उभी रेघ जाड येते आणि वळणावर आपोआप बारीक होत जाते, "क"च्या पोटात तो फिरवताना श्वास धरून ठेवायला लागायचा, एकदा का हात मध्येच थांबला की तिथे रंगाची गाठ दिसणारच. संध्याकाळी दिवे जाईपर्यंत मी जुन्या वर्तमानपत्रांवर अक्षरं काढत बसायचे. परीक्षेत बी ग्रेड मिळाली. पुढच्या वर्षी इंटरमीजिएट झाली, मग दहावी, मग कॉमर्स, मग नोकरी, लग्न, मुलगा, आणि तो डबा कधी आटला ते कळलंही नाही.

मधल्या पंचवीस वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अकाउंट्सची नोकरी, ईएमआय, मुलाचे क्लास. मुलाच्या क्लासला वर्षाला लाखभर भरताना हात कधी अडखळला नाही पण स्वतःसाठी दोन हजार भरायचे म्हटले की आधी दहा वेळा विचार, मग राहू दे आता, पुढच्या वर्षी बघू. माझ्या ऑफिसातल्या जवळपास प्रत्येक बाईचं हेच आहे. एफडी आहे, सोनं आहे, एसआयपी आहे, सगळं घरासाठी आहे आणि ते असायलाच पाहिजे, पण कारणाच्या रकान्यात आपलं नाव कुठेच नाही.

२०१८ मध्ये सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात नाटकाला गेले होते, वेळ होता म्हणून शेजारी भारत इतिहास संशोधक मंडळात डोकावले आणि तिथे मोडीच्या, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांच्या लिपीच्या, वर्गाची पाटी बघितली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० मध्ये सुरू केलेली संस्था, लहानपणापासून त्या रस्त्याने जाते येते आणि आत कधी गेले नव्हते. एक्केचाळीस वर्षांची होते. घरी सांगितलं तर आई म्हणाली, आता कशाला, त्यापेक्षा गुडघ्यांकडे बघ. नवऱ्याने विचारलं की याचा पुढे उपयोग काय. प्रश्न चुकीचा नव्हता, माझ्याकडे उत्तर नव्हतं एवढंच. मला फक्त त्या पाटीवरची अक्षरं एका दमात लिहिलेली दिसत होती आणि माझ्या हाताला तो चपटा ब्रश आठवत होता. दुसऱ्या दिवशी फी भरली.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची असते आणि मग खाली अक्षरं टांगत जायचं, हात शक्यतो उचलायचा नाही. ह्रस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळत नाहीत, स्वल्पविराम पूर्णविराम नाहीत, दोन शब्दांमध्ये जागा पण सोडलेली नसते, सगळी ओळ एका दोऱ्यात ओवल्यासारखी. पहिले दोन महिने काही म्हणजे काही लागत नव्हतं. माझ्या शेजारच्या बाकावर पोस्टातून रिटायर झालेले एक काका बसायचे, ते म्हणायचे, ताई, घाई करू नका, शब्द सुटा दिसेपर्यंत नुसतं बघत राहा. तसंच झालं. एका शनिवारी एका पत्राच्या झेरॉक्सवर बघता बघता "राजश्री" हा शब्द बाजूला निघून आला, आणि मग पुढचा, आणि मग पूर्ण ओळ. मला वर्गातच रडू आलं.

उपयोग नंतर दिसला. लोकांकडे आजोबा-पणजोबांची खरेदीखतं मोडीत पडून आहेत, गावच्या कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मोडीत आहेत, आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंच. मी आता सुट्टीच्या दिवशी लिप्यंतर करून देते, थोडे पैसे मिळतात. पण खरं सांगू का, ते नसते मिळाले तरी मी ही फी पुन्हा भरली असती.

आणि लग्नानंतर किंवा मोठेपणी शिकणं हे पुण्याला काही नवीन नाही. अप्पा बळवंत चौकाकडे जाताना आम्ही ज्या भिडे वाड्यावरून जायचो तिथे १८४८ मध्ये मुलींची शाळा निघाली, आणि तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाई स्वतः लग्नानंतर अक्षर शिकल्या होत्या. रमाबाई रानड्यांचंही तेच, अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या आणि मग घरात वाचायला शिकल्या, घरातल्या बायकांची बोलणी खात शिकल्या, आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं ते मोठ्या बायकांना शिकता यावं म्हणून. त्या बायकांना काय काय ऐकून घ्यायला लागलं असेल. आपल्याला फक्त "आता कशाला" एवढंच ऐकायला लागतं.

तर ते पासबुक घेऊन मी खाली आले आणि आईला दाखवलं. तिने चष्मा लावून शेवटची ओळ वाचली, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, रंग आणल्याचं तुझ्या बाबांना मी त्याच रात्री सांगितलं होतं. ते काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तुझ्यासाठी जुने पेपर घेऊन आले. मला हे चौतीस-पस्तीस वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं रद्दीवाल्याला द्यायला साठवतायत.

मग आईने विचारलं, माझं नाव मोडीत कसं लिहितात गं? मी कागद घेतला, तिच्या हातात पेन्सिल दिली. ती थेट अक्षरालाच हात घालायला लागली, मी म्हटलं थांब आई, आधी रेघ.