सोडा लाइमचा रंग बघून समाधान मानू नका

नागपुरात फिरतीवर अ‍ॅनेस्थेशिया देणारे आम्ही भरपूर जण आहोत, सकाळी धंतोलीत हर्निया, दुपारी रामदासपेठेत लॅप कोली (दुर्बिणीतून पित्ताशय काढणं), मग मानेवाड्याकडे एखादं अपेंडिक्स, आणि प्रत्येक ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) मशीन वेगळं, व्हेपोरायझर (भुलीच्या औषधाची वाफ करणारं यंत्र) वेगळं, कॅनिस्टरमधला (मशीनवरच्या भांड्यातला) सोडा लाइम, म्हणजे पेशंटच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे, तोही वेगळ्या कंपनीचा. एका कंपनीचा माल ताजा असताना पांढरा असतो आणि संपला (शोषायची ताकद गेली) की जांभळा होतो, दुसरीचा ताजा गुलाबी आणि संपला की पांढरा! म्हणजे पांढरा रंग दिसला तर नेमकं काय समजायचं हे डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय कळतच नाही, आणि डबा तर कधीच भंगारात गेलेला असतो.

आत असतो मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपल्याकडे खर्र्यात घोटतात तोच चुना, त्यात थोडा कॉस्टिक सोडा आणि साधारण १५ टक्के पाणी. पेशंटने सोडलेला कार्बन डायऑक्साइड हा चुना शोषतो, उरलेला गॅस परत पेशंटकडे जातो, म्हणून तर लो फ्लोवर (अगदी कमी ताजा गॅस सोडून) केस करता येते आणि महागडं औषध वाचतं. रिअ‍ॅक्शन होताना उष्णता आणि पाणी तयार होतं, चालू केसमध्ये कॅनिस्टरला हात लावा, कोमट लागतो, म्हणजे काम सुरू आहे.

पण मला खरी काळजी आहे ती दाण्यांमधल्या त्या १५ टक्के पाण्याची. चुना संपला की निदान रंग तरी बदलतो (तोही पक्का नाही, जांभळे झालेले दाणे रात्रभर पडून राहिले की पुन्हा पांढरे दिसायला लागतात), पण चुना वाळला तर रंगात काहीच कळत नाही. आणि वाळतो कशाने, तर आपल्याच ऑक्सिजनने. सिलिंडरचा असो की पाइपलाइनचा, मेडिकल गॅस कोरडा असतो, शनिवारी शेवटची केस झाल्यावर फ्लोमीटर (गॅस किती सोडायचा ते ठरवणारा नॉब) बंद करायचा राहिला की रविवारभर आत दाण्यांचं वाळवण सुरू, अगदी गच्चीवर कुरडया टाकल्यासारखं. मागे एका छोट्या हॉस्पिटलात सोमवारी सकाळी पोचले तर ओटीत कोणी नाही आणि फ्लोमीटरमधला बॉबिन (प्रवाह दाखवणारा तरंगता तुकडा) दोन लिटरवर मस्त फिरतोय. टेक्निशियन भाऊंना म्हटलं कॅनिस्टर बदला, तर म्हणाले, "मॅडम, कलर तं एकदम ठीक दिसून राहिला नं." दिसणारच! तरी बदलायला लावला, केस अर्धा तास उशिरा सुरू झाली, सर्जन साहेब चिडले, चिडू द्या.

वाळलेल्या चुन्यावरून डेसफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन ही श्वासावाटे द्यायची भुलीची औषधं गेली की विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, आणि साध्या पल्स ऑक्सिमीटरला तो ओळखता येत नाही, स्क्रीनवर ९८-९९ दिसत राहतं. सेव्होफ्लुरेन या तशाच औषधाचा त्रास वेगळा, तिथे कॅनिस्टर भयंकर तापतो. बॅरालाइम नावाचं एक अ‍ॅब्सॉर्बंट (सोडा लाइमसारखंच कार्बन डायऑक्साइड शोषणारं) होतं, ते वाळल्यावर सेव्होफ्लुरेनसोबत आग लागण्यापर्यंत प्रकार गेले आणि २००४ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅनेस्थेशिया पेशंट सेफ्टी फाउंडेशनने यावर परिषद घेतली, सल्ला साधा होता, सोडियम-पोटॅशियम हायड्रॉक्साइड नसलेले अ‍ॅब्सॉर्बंट वापरा, ते नसेल तर केस संपली की सगळे गॅस बंद करा, आणि ओलाव्याबद्दल शंका आली की सरळ बदला. इतकी वर्षं झाली तरी आपल्या कितीतरी ओट्यांमध्ये "अजून चालते नं" हाच नियम आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण एक डबा चुन्याचा खर्च पेशंटच्या बिलात शोधूनही सापडणार नाही.

वाळलेल्या चुन्यावर पाणी शिंपडायचा जुगाड मात्र कृपा करून करू नका, कॉस्टिक पाणी सर्किटमध्ये (पेशंटला गॅस नेणाऱ्या नळ्यांमध्ये) उतरतं. दोन कॅनिस्टर असतील तर दोन्ही बदला, ग्लोव्हज घाला, भुकटी डोळ्यात जाऊ देऊ नका, तयार कार्ट्रिज असेल तर प्लास्टिकचं वेष्टन काढलंय ना ते बघा (ते तसंच राहून गॅसचा रस्ताच बंद झाल्याच्या केसेस आहेत), वॉशरवर अडकलेले दाणे पुसा, मग लीक टेस्ट. आणि ल्युकोप्लास्टच्या पट्टीवर तारीख लिहून चिकटवा, पुढच्या माणसाला लेबल शोधत बसावं लागणार नाही.

केस चालू असताना भरवसा कॅप्नोग्राफवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड रेघेत दाखवणाऱ्या मॉनिटरवर) ठेवा. श्वास आत घेतानाची रेघ शून्यावर यायला हवी, ती वर उचलली जाऊ लागली की आधी फ्रेश गॅस फ्लो (मशीनमधून येणारा ताजा गॅस) वाढवा. रेघ खाली आली तर बहुतेक चुना संपलाय, फ्लो वाढलेलाच ठेवून केस पूर्ण करता येते. खाली नाही आली तर एक्स्पिरेटरी व्हॉल्व्ह (सोडलेला श्वास परत येऊ न देणारी झडप) उघडाच अडकलाय का ते लगेच बघा.