रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं काय?

रिपोर्ट नॉर्मल असूनही त्रास का होतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि शंभरदा विचारून झालंय म्हणून. पॅनिक डिसऑर्डरच्या, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येणाऱ्या पेशंटला बाहेर बसवून नातेवाईक हळूच आत येतात: 'ईसीजी नॉर्मल, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल. मग याला होतं तरी काय? नाटक नाही ना?'

नाही. धडधड खरी असते. मनगट धरून मोजा. मुंग्याही खऱ्या. माणूस घाबरला की मिनिटाला बारा-पंधराऐवजी पंचवीस-तीस श्वास घेऊ लागतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त किंचित अल्कलीकडे झुकतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं. मग ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बोटं आखडून चोचीसारखी जुळतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं. ऑक्सिमीटर ९९ दाखवतो आणि पेशंट म्हणतो, 'श्वास पुरत नाही.' दोघंही खरं बोलतात. पण तो आणखी हवा ओढतो, मुंग्या वाढतात, छातीचे स्नायू दुखायला लागतात, आणि 'आता मी जातो' इथवर गाडी पोचते. हे सगळं बहुधा दहा मिनिटांच्या आत. तेव्हा उतरलेला कार्बन डायऑक्साइड परत आत जावा म्हणून कागदी पिशवी तोंडाला लावू नका. दुखणं दम्याचं किंवा हृदयाचं निघालं तर ऑक्सिजन आणखी उतरेल. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सावकाश सहा आकडे मोजत बाहेर, एवढं पुरे.

पेशंट 'भीती' हा शब्द सहसा काढतच नाही. 'गॅस छातीत चढला', 'डावा हात बधिर झाला', 'जीव घाबरा होतो'. तुम्हाला सांगायचं असेल तर क्रम सांगा: किती वाजता, काय करताना, पहिलं काय जाणवलं, किती मिनिटांत शिगेला पोचलं, त्याआधी चहा-कॉफी किती झाली होती. जिना चढताना छाती भरून येते आणि थांबलं की उतरते, असं असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. ती वाट वेगळी, हृदयाची.

'तुम्हाला काही झालेलं नाही' हे वाक्य मीही वापरलंय. धीर द्यायलाच, दुसरं काय! पेशंटला ऐकू येतं 'तू खोटारडा', आणि तो पुढच्या डॉक्टरकडे जातो.

मग तपासण्या थांबवायच्या कुठे? पन्नाशीचा, मधुमेह असलेला, सिगारेट ओढणारा पेशंट 'नेहमीचंच आहे' म्हणाला तरी मी ईसीजी काढायला लावतो. पण पंचविशीतल्या मुलाचा याच महिन्यातला चौथा ईसीजी? तिथे कधी हो म्हणतो, कधी नाही.