गटारीनंतरची कोंबडी

गटारी उलटली की दुसऱ्या दुपारी ठाण्यातल्या एखाद्या चिकनच्या दुकानावरून चालत जावं. काल रांग गल्लीबाहेर, आज मालक पंख्याखाली मोबाइल चाळतोय. फळ्यावरचा भाव उतरलाय, तरी कुणी फिरकत नाही.

'भाव पडला की मागणी वाढते' असं कुणी म्हटलं की मला उगाच राग येतो. भाव पडल्यावर माणूस किलोऐवजी सव्वा किलो घेतो, पण मागणी तीच राहते. ती बदलली असं तेव्हाच म्हणावं, जेव्हा त्याच भावाला गिऱ्हाईक जास्त किंवा कमी घेऊ लागतं. त्याला कारणं भावाबाहेरची लागतात: हातातला पैसा, आवड, दुसऱ्या वस्तूचा भाव, उद्याची धास्ती, खाणारी तोंडं. आपल्याकडे तिथीसुद्धा.

जून-जुलैचंच बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. पापलेट महागतं ते पुरवठा आटला म्हणून. पण मासळी परवडेना म्हणून जो चिकनकडे वळतो, तो चिकनची मागणी खरोखर वाढवतो.

यात मरण पोल्ट्रीवाल्याचं. ब्रॉयलर दोन किलोचा व्हायला साधारण सहा आठवडे, म्हणजे आषाढी अमावास्येपासून उलटं मोजून पिल्लं टाकायची. माल आठवडाभर उशिरा तयार झाला की संपलंच. पुढे पक्षी खाद्य जास्त खातो आणि त्या मानाने वजन कमी धरतो, म्हणून मिळेल त्या भावात काढावा लागतो. त्यात २०२३ साली अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. कुणी अधिकातच सोडलं, कुणी निज श्रावणाची वाट पाहिली. एकाच घरात सासूचं पंचांग वेगळं, सुनेचं वेगळं. पिल्लं कुठल्या तारखेला टाकायची, सांगा!

इकडे श्रावणी सोमवार आले की साबुदाणा उचलतो, आणि एकटा नाही उचलत. खिचडीला वाटीभर साबुदाण्यामागे अर्धी वाटी कूट लागतं. म्हणून जांभळी नाक्यावरचा मुरलेला दुकानदार साबुदाण्याबरोबर शेंगदाण्याची पोतीही मागवतो. शेंगदाणा संपला की गिऱ्हाईक साबुदाणाही पुढच्या दुकानातून घेतं.

भाद्रपदात काही घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. तेवढ्यापुरती चिकन-मटणाची विक्री हलते आणि पुन्हा बसते.

आता चिकन घरपोच येतं, काळ्या पिशवीत. श्रावणात ते मागवणारे नव्याने खायला लागले, की आधीपासूनच खात होते आणि फक्त शेजाऱ्यांना दिसेनासे झाले? दुकानदाराला विचारलं तर तो हसतो आणि सुरी पुसतो.