बारवांची रिपॉझिटरी सर्व्हरवर चढली: पहिला पुश हप्त्याहप्त्यानं

परभणी जिल्ह्यातल्या बारवांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींच्या नोंदी आजवर माझ्या लॅपटॉपवरच्या गिटमध्येच होत्या. गिट म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास जपणारं सॉफ्टवेअर. वालूरच्या गोल जिन्याच्या बारवेची मापं, चारठाण्याच्या बारवेचे फोटो, आराखडे. फेरी झाली की कमिट, म्हणजे तेवढ्या बदलांची इतिहासात नोंद. आता ती सगळी रिपॉझिटरी, म्हणजे फाइली आणि त्यांचा इतिहास, भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर आहे. सेलू-जिंतूरकडच्या सोबत्यांना तिथून क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, करून घेता येईल.

सर्व्हरवरचं काम थोडकंच. तिथे 'गिट इनिट --बेअर --इनिशियल-ब्रांच=मेन'. बेअर म्हणजे कामाच्या फाइली नाहीत, नुसता इतिहास. साध्या रिपॉझिटरीत जी ब्रांच (इतिहासाची शाखा) चेकआउट केलेली, म्हणजे कामासाठी उघडलेली असते, तिच्यावर पुश केला, म्हणजे कमिट पाठवले, तर गिट तो नाकारतंच. '--इनिशियल-ब्रांच' हा पर्याय गिटच्या 2020 मधल्या 2.28 आवृत्तीपासून आहे. तो नसेल तर सर्व्हरचं हेड, म्हणजे मुख्य ब्रांच कोणती ते दाखवणारी खूण, बहुधा मास्टर नावाच्या ब्रांचकडे बघत राहतं, आपण मेन नावाची ब्रांच पाठवतो आणि क्लोन करणाऱ्याच्या हाती रिकामं फोल्डर येतं.

खरी परीक्षा पहिल्या पुशची. नेट फोनच्या हॉटस्पॉटचं, फोटो जड, त्यात लाईट गेली की टॉवरचंही खरं नाही. आणि तुटलेला पुश थांबल्या जागेवरून पुढे जात नाही, पुन्हा पहिल्यापासून. अर्धवट आलेला माल सर्व्हर टाकून देतो, त्यामुळे रिपॉझिटरी बिघडत नाही. पण पदरातही काही पडत नाही.

यावर उपाय म्हणजे इतिहास तुकड्यांनी चढवणं. 'गिट लॉग --रिव्हर्स --वनलाइन' केलं की जुने कमिट वर येतात. त्यातला थोड्या अंतरावरचा एक निवडायचा आणि 'गिट पुश ओरिजिन', मग त्या कमिटचा क्रमांक, कोलन, 'रेफ्स/हेड्स/मेन' असं द्यायचं. ओरिजिन हे सर्व्हरवरच्या रिपॉझिटरीचं टोपणनाव. सर्व्हरवर मेन अजून नसते, म्हणून पहिल्यांदा पूर्ण नाव लागतं. तेवढा हप्ता पोचला की पुढचा कमिट. पोचलेलं गिट पुन्हा पाठवत नाही, त्यामुळे मध्येच रेंज गेली तरी नुकसान एकाच हप्त्याचं. एकच कमिट मात्र असा तोडता येत नाही. म्हणून फोटो कमिट करताना मूठभरच घ्या, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. शेवटी 'गिट पुश -यू ओरिजिन मेन'.

पोचलं की नाही हे 'गिट एलएस-रिमोट ओरिजिन' सांगतं. तिथला 40 अक्षरी हॅश, म्हणजे कमिटचा पूर्ण क्रमांक, आणि इकडच्या 'गिट रेव-पार्स हेड'चा हॅश शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला, तेव्हा फार बरं वाटलं! बारवा ढासळताहेत, गाळानं भरताहेत. त्यांची मापं एकाच डिस्कवर ठेवणं मला पटत नव्हतं.

ज्यांच्याकडे नेटच नाही त्यांच्यासाठी 'गिट बंडल'नं सगळा इतिहास एका फाइलीत काढलाय. पेनड्राइव्हवरून त्याचा थेट क्लोन होतो. पुढचं काम चारठाण्याच्या पायऱ्यांच्या आराखड्याचं. तो स्वतंत्र ब्रांचवर चढवेन, म्हणजे मापं तपासून झाल्यावरच मेनमध्ये येईल.