आमची वाटचाल: हर्णै-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर

दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर आम्ही सिनेमा, मालिका, जाहिराती आणि वेब सिरीजच्या युनिटना जागा दाखवतो, परवानग्या काढून देतो आणि पॅकअप होईपर्यंत गावात त्यांच्यासोबत उभे राहतो. उत्तरेला बाणकोट-वेळास आणि दक्षिणेला दाभोळची खाडी, हा आमचा हक्काचा पट्टा. गरज पडली तर वेसवीहून फेरीबोटीने बागमांडल्याला उतरून श्रीवर्धन-हरिहरेश्वर करतो, नाहीतर दाभोळहून धोपाव्याला उतरून गुहागर. फर्म लहान आहे. मी, माझा मावसभाऊ, हिशेब आणि करारनामे सांभाळणारी माझी बायको, आणि गावोगावची ठरलेली माणसं.

सुरुवात जेवणापासून झाली. आमची खानावळ होती आणि 2012 साली एका मालिकेचं युनिट आमच्याकडे जेवायला होतं. त्यांचा प्रॉडक्शन मॅनेजर ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "दादा, विहीर, रहाट आणि कौलारू घर एकाच फ्रेममध्ये मिळेल का?" मी त्याला आंजर्ल्याला आत्याच्या घरी नेलं. त्याने अंगणात उभं राहून दोन्ही हातांची चौकट करून पाहिलं आणि तिथूनच दिग्दर्शकाला फोन लावला. पुढच्या मोसमात त्याच्याच ओळखीने दुसरं युनिट आलं, मग तिसरं. हळूहळू खानावळ भावजयीकडे गेली आणि आम्ही दोघे भाऊ पूर्णवेळ या कामात उतरलो.

बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं की लोकेशन म्हणजे सुंदर जागा. सुंदर जागा कोकणात पावलोपावली आहेत, त्यासाठी आमची गरज नाही. जनरेटर व्हॅन कुठपर्यंत येईल, चाळीस माणसांना पाणी कुठून मिळेल, पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, ट्रॉलीचे रूळ खांद्यावर नेता येतील का, आणि समुद्र किती वाजता कुठे असेल, हे माहीत असेल तरच त्या जागेला लोकेशन म्हणता येतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा.

किनाऱ्यावरचं शूटिंग तिथीवर चालतं. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. छापील टाइड टेबल आम्ही ठेवतोच, पण रेकीला, म्हणजे जागा पाहायला, आलेल्या दिग्दर्शकाशी बोलताना हा हिशेब तोंडावर असला की अर्धं काम तिथेच होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्यास्ताला पाणी लांब गेलेलं असतं. कर्द्याच्या सपाट किनाऱ्यावर तेव्हा ओल्या वाळूचा आरसा होतो आणि आख्खं आकाश पायाखाली दिसतं. अष्टमीच्या संध्याकाळी त्याच जागी भरती असते, पण ती भांगाची, म्हणजे लहान भरती, पाणी बेताचंच चढतं. खडकावर फुटणाऱ्या उंच लाटा हव्या असतील तर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण पाहिजे, आणि उधाणाची भरती भर दुपारी किंवा मध्यरात्री येते. दुपारचं डोक्यावरचं ऊन कॅमेरामनला नको असतं. मग आम्ही सांगतो, लाटांचे शॉट वेगळे घ्या, ढग असलेला दिवस धरून ठेवा, आणि संवादाचा प्रसंग दोन दिवस पुढे ढकला. ज्यांनी ऐकलं त्यांना चांगलं फुटेज मिळालं.

सकाळचंही तसंच. आमचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य मागच्या डोंगराआडून वर येतो, त्यामुळे उजाडल्यावरही वाळूवर बराच वेळ मऊ, सावलीतला उजेड राहतो. चेहऱ्यांच्या प्रसंगांना तो उजेड फार चांगला. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेलं युनिट नऊला तयार होतं आणि तो निघून जातो, याचं मला आजही वाईट वाटतं.

हर्णैच्या समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे. अलीकडे किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेदुर्ग आणि गोवा किल्ला. कान्होजी आंग्रे ज्या किल्ल्यावर नावारूपाला आले तो हा सुवर्णदुर्ग, आणि 1755 साली पेशव्यांशी हातमिळवणी केलेल्या इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला तोही हाच. महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव कोरलेलं आहे, बाजूच्या तटावर मारुती. ऐतिहासिक विषय करणाऱ्या प्रत्येक दिग्दर्शकाला तो दरवाजा हवा असतो.

तिथे जाणं मात्र सोपं नाही. होडी किल्ल्याजवळच्या वाळूपाशी न्यायची आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं. एका तुकडीबरोबर आम्ही गेलो तेव्हा तांडेलमामांनी, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य नाखव्याने, होडीचं तोंड लाटेकडे धरून ठेवलं होतं, हातात वेळू, नजर सतत बाहेरच्या पाण्यावर. कॅमेऱ्याची पेटी आधी ताडपत्रीत गुंडाळली, दोघांनी ती डोक्याच्या वर धरली आणि दोन लाटांच्या मधल्या उसंतीत पोरं धावत वाळूवर पोचली. मग लेन्सच्या पेट्या, मग बॅटऱ्या, सगळ्यात शेवटी कलाकार. तिसऱ्या प्रहरी वारा फिरला. दिग्दर्शकाला आणखी एक टेक हवा होता. तांडेलमामा म्हणाले, "आता निघायचं." मी पॅकअप सांगितला. सामान आणि माणसं पाण्यावर असताना आमच्याकडे तांडेलाचा शब्द शेवटचा असतो, ही अट करारातच लिहिलेली असते. निर्मात्यांनी ती कधी नाकारलेली नाही, कारण आम्ही ती पहिल्या भेटीतच वाचून दाखवतो.

परवानग्यांबद्दल थोडं लिहितो, कारण नव्याने या कामात येणारी मुलं हेच विचारतात. सुवर्णदुर्ग आणि पन्हाळेकाजीची 29 लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. तिथला अर्ज पटकथेसकट आणि बराच आधी द्यावा लागतो, आणि तिथे खिळा मारणं, रंग लावणं, आग पेटवणं हा विषयच काढायचा नाही. किनाऱ्यासाठी मेरीटाइम बोर्ड, महसूल, पोलीस आणि ग्रामपंचायत. ड्रोनसाठी 2021 च्या नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर उड्डाणाचा झोन पाहायचा. गोरेगावच्या चित्रनगरीच्या महामंडळाने एक खिडकी योजना आणल्यापासून सरकारी जागांचं काम बरंच हलकं झालं. पण गावाची परवानगी कुठल्याही खिडकीवर मिळत नाही. ती मानकऱ्यांच्या ओटीवर मिळते. काही गावांत देवीला कौल लावल्याशिवाय देवळाच्या आवारात कॅमेरा लागत नाही, आणि देवीने कौल दिला नाही तर आम्ही दुसरी जागा शोधतो. निर्मात्याला आम्ही हे नीट समजावून सांगतो. शिमग्यात पालखी फिरत असताना आणि गणपतीत चाकरमानी घरी आलेले असताना आम्ही काम घेतच नाही. त्या दिवसांत घरं त्यांच्या माणसांची असतात.

आंजर्ले आणि वेळासला आणखी एक गोष्ट पाळतो. या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी संवर्धनाचं काम उभं केलं. पिल्लं वाळूतून वर आली की समुद्राकडच्या उजेडाच्या रोखाने चालतात, किनाऱ्यावर दुसरे दिवे असले तर उलट दिशेला भरकटतात. म्हणून नोव्हेंबरपासून मेपर्यंत त्या वाळूवर रात्रीचं शूटिंग आम्ही करत नाही, कितीही पैसे दिले तरी. मोठ्या दिव्यांचं काम असेल तर कासवं नसलेला दुसरा किनारा सुचवतो.

घरांचं काम मला सगळ्यात प्रिय. पडवी, ओटी, माजघर, मागे आगर, चिऱ्याचा गडगा. आर्ट डिपार्टमेंटला बहुतेक वेळा काही बदलावंसं वाटतं. शूटिंगआधी माझी बायको घरातल्या प्रत्येक वस्तूचा आणि भिंतीचा फोटो काढते, एक पानाचा मराठी करार मालकांना वाचून दाखवते आणि मगच सही घेते. मुर्डीच्या एका आजींनी अख्खा करार ऐकून एकच अट घातली: "सारवलेल्यावर बूट नकोत, तेवढं सांग तुझ्या माणसांना." आम्ही ओटीखाली चपलांसाठी सतरंजी अंथरली. मोठा नटसुद्धा अनवाणी वर चढला आणि आजींनी त्याला कोकम सरबत दिलं. पॅकअपनंतर अंगण पुन्हा सारवून द्यायचं, ही प्रथा तेव्हापासून सगळ्या घरांना लागू केली. सारवायचे पैसे निर्मात्याच्या बजेटमध्ये वेगळे लिहिलेले असतात.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ. आधीच मार्चपासून शूटिंग बंद होतं, त्यात हे. पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आंजर्ल्यापासून केळशीपर्यंत आम्ही इतक्या वर्षांत गोळा केलेले फोटो एका दिवसात जुने झाले, कारण त्यातल्या जागाच राहिल्या नव्हत्या. पण पुढे त्याहून खोल परिणाम जाणवला तो छपरांचा. कौलं उडालेल्या घरांवर पाऊस तोंडावर आल्यामुळे लोकांनी मिळतील ते पत्रे घातले. ते बरोबरच होतं, आधी डोक्यावर छप्पर पाहिजे. पण जुन्या काळची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमाला निळा पत्रा चालत नाही, आणि एकदा पत्रा आला की कौलं परत चढत नाहीत. पाडलेल्या घरांची मंगलोरी कौलं तेव्हा कवडीमोलाने जात होती. आम्ही ती विकत घेऊन शाकारणीसाठी रचून ठेवली. कुणाला घर पुन्हा कौलारू करायचं असेल तर आम्ही ती खरेदीच्या भावात देतो. त्यातली काही घरं आज पुन्हा पडद्यावर दिसतात, आणि त्यात राहणारी माणसं सांगतात की उन्हाळ्यात घर थंड राहतं.

एप्रिल 2021 मध्ये राज्यात शूटिंग पुन्हा थांबलं, मालिकांची युनिट गोव्याला गेली आणि मे महिन्यात तिथलीही परवानगी गेली. त्याच महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. त्या दिवसांत खानावळीने घर चालवलं. भावजयीचे उपकार मी इथे जाहीरपणे लिहितो.

पैशाच्या बाबतीत एक नियम कडक आहे. काही वर्षांपूर्वी एका युनिटने शेवटचा हप्ता दिलाच नाही. होडीवाले, घरमालक, भाजी देणारी बाई, सगळे आमच्या तोंडाकडे बघत होते, त्यांनी शब्द आमच्यावर ठेवला होता. आम्ही कर्ज काढून सगळ्यांचे चुकते केले. तेव्हापासून गावाचे पैसे शूटिंगच्या आदल्या दिवशी जमा झाल्याशिवाय जनरेटर सुरू होत नाही. सुरुवातीला दोन-तीन कामं यामुळे गेली. आता चांगले निर्माते स्वतःहून पैसे आधी पाठवतात.

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आमचा सुवर्णदुर्गही आहे. त्याच्या बातम्या आल्या त्या दिवशी हर्णैच्या जेटीवर पेढे वाटले. चौकशीचे फोनही वाढले. प्रत्येकाला किल्ल्यावरच जायचं असतं. आम्ही विचारतो, दृश्यात तट लांबून दिसायचाय की पायाखाली हवाय? लांबून हवा असेल तर कनकदुर्गाच्या दीपगृहाजवळून किंवा गोवा किल्ल्याच्या तटावरून तो जितका देखणा दिसतो तितका आत गेल्यावर दिसत नाही, आणि किल्ल्यावरची वर्दळही वाचते. शिवाय खालच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू असतो. तो पाहायला आलेला एक दिग्दर्शक आपला प्रसंगच तिथे घेऊन गेला. त्याने कोळिणींना आधी विचारलं, त्यांच्या वेळेत काम केलं आणि लिलाव क्षणभरही थांबवला नाही. असं काम आम्हाला आवडतं.

सध्या आम्ही घरांची आणि किनाऱ्यांची नवी नोंदवही करतोय. कौलं की पत्रा, विहिरीला मार्चमध्ये किती पाणी, मोबाइलला रेंज, व्हॅनपासूनचं अंतर, कोणत्या महिन्यात सूर्य कुठल्या बुरुजामागे मावळतो. हर्णै आणि पाजपंढरीची काही मुलं मुली हे काम करतायत. त्यातली एक मुलगी तांडेलाची नात आहे. भरतीची वेळ तिला टेबल न पाहता येते. येत्या मोसमात किनाऱ्यावरच्या कॉलशीट, म्हणजे शूटिंगच्या दिवसाची वेळापत्रकं, तीच लावणार आहे.